आठ जणांचा ठोकळा

लाकूड कोरणाऱ्यांच्या आमच्या मंडळात मी पहिल्यांदा गेलो, तेव्हा माझी थोडी निराशाच झाली. मंडळ म्हटले की ओळखीपाळखी, गप्पा, एखादे छोटेसे भाषण असे काहीतरी डोळ्यांसमोर येते. प्रत्यक्षात एका लांबट खोलीत तेरा-चौदा माणसे आपापल्या बाकाशी मान खाली घालून बसली होती आणि कुणीही कुणाशी बोलत नव्हते. मधूनच मोगरीचे दोन-चार ठोके, मग पटाशी लाकडातून सरकताना होणारा तो करकरीत आवाज, मग ढलप्या झटकल्याचा आवाज, आणि पुन्हा शांतता. मी दाराशी उभा आहे हे एका काकांच्या पाच मिनिटांनी लक्षात आले. ते "या" म्हणाले, त्यांनी एक स्टूल दाखवले आणि ते पुन्हा आपल्या कामात बुडून गेले.

घरी परतताना माझ्या मनात एक साधा प्रश्न होता. कोरीवकाम हा एकट्याने करायचा उद्योग आहे. गाण्याला साथ लागते, नाटकाला समोरचे पात्र लागते, बुद्धिबळालासुद्धा प्रतिस्पर्धी लागतो. लाकडाच्या तुकड्यावर मात्र एका वेळी एकच माणूस काम करू शकतो. मग दर रविवारी तीन तास एकत्र येऊन एकेकटे बसण्याची ही हौस कशासाठी? याचे उत्तर मिळायला मला दोन वर्षे लागली आणि ते एका ठोकळ्यामुळे मिळाले. पण त्या ठोकळ्याकडे वळण्याआधी धारेविषयी लिहायला हवे, कारण मंडळातले पहिले सहा रविवार मी धार लावण्याखेरीज दुसरे काहीच केले नाही.

मी जाताना बारा पटाश्यांचा नवाकोरा संच घेऊन गेलो होतो. काकांनी (ते पूर्वी यंत्रांचे आराखडे काढणारे ड्राफ्ट्समन होते, आणि अजूनही पेन्सिलीला टोक असे काढतात की ती टोचावी) त्यातल्या चार बाजूला काढल्या आणि बाकीच्या आठ मला कापडात गुंडाळून परत दिल्या. "या घरी ठेवा," म्हणाले. त्या आठपैकी पाच आजही कापडातच आहेत. बाजूला काढलेल्या चारांत एक सपाट पटाशी होती, दोन गोलपटाश्या होत्या आणि एक इंग्रजी व्ही अक्षरासारख्या पात्याची. गोलपटाश्यांच्या वक्रतेला क्रमांक असतात. इंग्लंडमधल्या शेफील्डच्या हत्यारकारांच्या यादीतून रूढ झालेली ही पद्धत आहे : १ म्हणजे सरळ धारेची सपाट पटाशी, ३ म्हणजे किंचित वळलेली, आणि तिथून वाढत वाढत ९ म्हणजे जवळजवळ अर्धवर्तुळ. त्यापुढच्या १० आणि ११ खोल पन्हळीसारख्या असतात. मंडळात माणसे हत्यार मागताना नाव घेत नाहीत. "जरा पाच नंबरची बारा मिलिमीटर द्या" असे म्हणतात, आणि बाहेरच्या माणसाला वाटावे की इथे चपलांचे माप चालले आहे.

धार लावणे म्हणजे पाते दगडावर घासणे, इतकीच माझी समजूत होती. ती पहिल्याच दिवशी मोडली. दगडावर घासता घासता पात्याचे दोन उतार जिथे मिळतात तिथे पोलादाची एक अतिशय बारीक कड पलीकडच्या बाजूला वळून उभी राहते. ती डोळ्यांना दिसत नाही. पात्याच्या पाठीवरून धारेच्या दिशेने अंगठा हलकेच बाहेर नेला की खरखर लागते. ही कड धारेच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सलग उभी राहिली, म्हणजे त्या बाजूचे घासणे पुरे झाले. मग दगड बदलायचा, अधिक बारीक कणांचा घ्यायचा, आणि शेवटी चामड्याच्या पट्टीवर क्रोमियम ऑक्साइडची हिरवी वडी फासून तिच्यावर पाते घोटायचे. घोटताना पाते नेहमी धारेच्या उलट दिशेला, म्हणजे मागे ओढायचे. पुढे ढकलले तर चामडे कापले जाते आणि धारही जाते. गोलपटाशीला या सगळ्यात आणखी एक अडचण असते : पाते वक्र असल्यामुळे घासताना मनगट एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे सारख्या गतीने फिरवावे लागते. जरा रेंगाळलात की मधला भाग जास्त झिजतो आणि दोन्ही कोपरे शिंगांसारखे पुढे येतात. माझ्या पहिल्या गोलपटाशीला अशी दोन सुंदर शिंगे आली होती.

कोरीवकामाच्या पटाशीचा उतार सुताराच्या पटाशीपेक्षा बराच निमुळता, साधारण वीस अंशांच्या आसपास ठेवतात. सुताराची पटाशी ठोक्यावर ठोके सोसते, म्हणून तिचे टोक जाड लागते. कोरणाऱ्याला बहुतेक वेळ हाताच्याच जोरावर काम करायचे असते. धार लागली की नाही हे पाहायला काकांची एकच परीक्षा होती. मऊ लाकडाच्या तुकड्याच्या टोकाकडचा भाग, जिथे सगळे तंतू कापलेल्या दोरखंडासारखे समोर येतात, तिथे आडवा काप घ्यायचा. धार असेल तर ती जागा मेण फासल्यासारखी चमकते. नसेल तर तंतू कापले न जाता चिरडले जातात आणि तिथे पांढुरकी, रवाळ जागा उरते. धारेवर एखादी सूक्ष्म खाच असेल, तर चकचकीत कापाच्या मधोमध केसाइतकी बारीक पांढरी रेघ येते. पाच रविवार माझ्या प्रत्येक कापात ती रेघ होती. सहाव्या रविवारी ती गेली. काकांनी तुकडा खिडकीकडे धरला, तिरका केला, परत दिला आणि म्हणाले, "हं. आता लाकूड घ्या."

बोथट हत्यार धारदार हत्यारापेक्षा जास्त घातक असते, हे वाक्य तोवर मी अनेकदा ऐकले होते आणि त्याला सुभाषितापेक्षा जास्त किंमत दिली नव्हती. तिसऱ्या महिन्यात सुरीने छोटे हरीण कोरताना मी आळस केला, पट्टीवर घोटायला उठलो नाही, सुरी अडायला लागली तसा जोर वाढवत गेलो, आणि ती एकदम सुटून डाव्या अंगठ्यात घुसली. शेजारच्या बाकावरच्या ताई परिचारिका आहेत. त्यांनी सराईतपणे रक्त थांबवले, पट्टी बांधली आणि मग म्हणाल्या, "सुरी बघू." सुरी पाहून त्यांनी नुसती मान हलवली. बोटाविषयी त्या दिवशी त्या आणखी काही बोलल्या नाहीत. तेव्हापासून मी अंगठ्याला चामड्याचे टोपण घालतो आणि दर वीस-पंचवीस मिनिटांनी न सांगता उठतो.

या ताईंचा जीव चमच्यांत आहे. सरळ फांदीचा चमचा त्यांना मानवत नाही. नैसर्गिक बाक असलेले लाकूड त्या शोधत असतात, कारण चमच्याच्या मानेपाशी, जिथे दांडा आणि वाटी मिळतात, तिथे तंतूही लाकडाबरोबर वळलेले असले तर चमचा मोडत नाही. मंडळात प्रत्येकाचे असे काही ना काही वेड आहे. एका गृहस्थांनी एका अखंड काठीतून कुठेही सांधा नसलेली सतरा कड्यांची साखळी काढली आहे, आणि तिला शेवटी पिंजरा व पिंजऱ्यात सुटा चेंडू आहे. हे बाहेरच्यांना जादू वाटते. त्यांच्या मते तो केवळ संयमाचा प्रश्न आहे. बँकेत नोकरी करणाऱ्या एक बाई फक्त सुरीने त्रिकोणी खाचा घेत भौमितिक नक्षी करतात, कंपासात वर्तुळाची त्रिज्या धरून परिघावर सहा वेळा पावले टाकतात आणि सहा पाकळ्यांचे फूल उभे करतात. कॉलेजातला एक मुलगा बुद्धिबळाच्या घोड्यांपलीकडे काही करायला तयार नाही. ड्राफ्ट्समन काका माणसांचे चेहरे करतात, बहुतेक म्हाताऱ्यांचे. एकमेकांच्या प्रकारांत कुणालाच फारसा रस नाही, हे मी प्रामाणिकपणे नोंदवतो. सगळ्यांना मिळून रस आहे तो लाकडात.

लाकडाविषयी मंडळात जेवढे बोलले जाते तेवढे दुसऱ्या कशाविषयीच बोलले जात नाही, आणि जे बोलले जाते त्यातले बरेचसे तक्रारीच्या सुरात असते. सागवान टिकाऊ खरे, पण त्यात सिलिका असते आणि ती धार खाते. शिसव दिसायला देखणे, पण हात मोडते. युरोपातल्या जुन्या कोरकांनी ज्या लिंडनच्या लाकडात आयुष्ये काढली ते फिकट, मऊ आणि एकजीव असते. त्यात पटाशी कुठल्याही दिशेला जवळजवळ सारखीच चालते, आणि म्हणूनच नवख्याला ते सगळ्यात आधी द्यावे, असे बहुतेकांचे मत आहे. जवळजवळ सारखीच म्हटले तरी तंतूंची दिशा चुकवता येत नाही. मांजराच्या पाठीवरून हात फिरवताना आपल्याला कळते ना, कुठल्या बाजूने केस बसतात आणि कुठल्या बाजूने उभे राहतात, तसेच हे आहे. उतारावरून खाली काप घेतला तर ढलपी गुंडाळी होऊन सुटते. चढाकडे घेतला तर पटाशी तंतूंच्या मध्ये शिरते आणि आपल्याला नको तिथे लाकूड उचकटते. कागदावर काढून हे समजत नाही. एकाच वाडग्याच्या खळग्यात दिशा दोनदा बदलते, आणि ती कुठे बदलली हे हाताला कळायला वेळ लागतो.

माझा लाकडातला पहिला मोठा पराभव असा झाला. वादळात पडलेल्या झाडाचा एक गोल ओंडका, सालीसकट, मला मिळाला. ओल्या लाकडात पटाशी लोण्यासारखी चालते. तीन आठवड्यांत मी त्यात एक चेहरा काढला, माझ्या मते चांगला काढला, आणि घरी कपाटावर ठेवला. पंधरा दिवसांनी गाभ्यापासून निघून डाव्या गालावरून हनुवटीपर्यंत बोट जाईल एवढी फट पडली होती. तो चेहरा घेऊन मी मंडळात गेलो, तेव्हा सहानुभूतीची अपेक्षा होती. मिळाले ते व्याख्यान. झाड तोडल्यावर लाकडातले मोकळे पाणी आधी जाते, आणि तोवर लाकूड आकसत नाही. ओलावा साधारण तीस टक्क्यांच्या खाली आला की तंतूंच्या भिंतींतले पाणी जायला लागते आणि आकसणे तेव्हा सुरू होते. पण ते सगळ्या बाजूंनी सारखे नसते. वार्षिक वर्तुळांच्या कडेकडेने लाकूड जितके आकसते, त्याच्या निम्म्याच्या आसपासच ते गाभ्यापासून सालीच्या दिशेने आकसते, आणि लांबीत तर जवळजवळ नाहीच. म्हणजे बाहेरचा घेर कमी व्हायला बघतो, आतले त्रिज्येचे माप त्याला तेवढी जागा देत नाही, आणि ओंडका गाभ्याच्या रेषेत उकलतो. उपाय फार जुना आहे : ओंडका आधीच उभा चिरावा, गाभा काढून टाकावा, दोन्ही टोकांना मेण फासावे म्हणजे तिथून पाणी घाईने उडणार नाही, आणि मग सावलीत थांबावे. इंचभर जाडीला एक वर्ष, असा जुन्यांचा ठोकताळा आहे. जर्मनीतल्या व्युर्झबुर्ग शहरात काम करणारा टिलमन रीमेनश्नायडर (तो १५३१ मध्ये वारला) आपल्या लिंडनच्या मूर्ती पाठीमागून पोखरून पोकळ करत असे. भिंतीशी लागून उभ्या राहणाऱ्या मूर्तीची पाठ कुणी पाहत नाही, आणि गाभाच नाही म्हटल्यावर फुटायचे कारणही राहत नाही.

"म्हणजे पाचशे वर्षांपूर्वी लोकांना जे माहीत होते ते तुम्ही स्वतःच्या पैशाने शिकलात," साखळीवाले गृहस्थ म्हणाले. मग त्यांनी माझा फुटका चेहरा माझ्या हातातून घेतला आणि कोपऱ्यातल्या फळीवर ठेवला. त्या फळीवर चोच तुटलेला खंड्या आहे, वाटीत भोक पडलेला चमचा आहे, तीन पायांचा घोडा आहे, दोन तुकडे झालेली साखळी आहे, आणि ती त्यांचीच आहे. मंडळाची एवढी एकच कायमची मांडणी. चांगली झालेली कामे माणसे घरी नेतात.

मंडळात एक भांडण माझ्या आधीपासून चालू आहे, आणि ते मिटू नये अशीच माझी इच्छा आहे. पॉलिश पेपर वापरावा की नाही? एका पक्षाचे म्हणणे असे की पटाशीने घेतलेला काप हाच शेवटचा हात. त्यावर कागद घासणे म्हणजे सही खोडणे. दुसरा पक्ष म्हणतो, की गाल गालासारखा दिसला पाहिजे, त्यावर शेतातल्या सरींसारख्या रेघा कशाला? पहिल्या पक्षाला स्वीडनचा आक्सेल पेटरसन (१८६८–१९२५) प्रिय आहे. तो वीतभर उंचीची गावाकडची माणसे मोजक्या, सपाट, रांगड्या कापांत उभी करत असे आणि तशीच सोडून देत असे. जवळून पाहावे तर नुसते छिललेले लाकूड, दोन हात लांबून पाहावे तर चिडलेला म्हातारा. दुसऱ्या पक्षाकडे सतराव्या शतकातला ग्रिनलिंग गिबन्स आहे, ज्याने लिंडनमध्ये फुले, फळे, पक्षी इतके पातळ कोरले की पाकळीच्या मागे पोकळी आहे हे विसरायला होते. १६९० च्या सुमारास त्याने लाकडातून गळ्याला बांधायचा एक लेसचा गळपट्टा कोरला. पुढे १७६९ मध्ये होरेस वॉलपोल या लेखकाने तो खरोखरच गळ्यात घालून पाहुण्यांचे स्वागत केले होते.

गिबन्सच्या नावाने हा वाद अनेकदा पेटलेला मी पाहिला आहे, आणि तो तात्पुरता विझतो तो एका आगीच्या गोष्टीने. लंडनजवळच्या हॅम्प्टन कोर्ट राजवाड्याला १९८६ मध्ये आग लागली आणि गिबन्सच्या कामाची एक सात फुटी उभी माळ जळून गेली. ती पुन्हा कोरण्याचे काम डेव्हिड एस्टर्ली या अमेरिकन कोरकाकडे आले, आणि त्यात त्याचे सुमारे वर्ष गेले. गिबन्सची उरलेली कामे जवळून पाहताना त्याला लाकडावर अगदी बारीक ओरखडे दिसले. आजच्यासारखा पॉलिश पेपर तेव्हा नव्हता, मग हे कशाचे? उत्तर एका वनस्पतीत निघाले. दलदलीत उगवणारी, बांबूसारखी पेरे असलेली, खरखरीत कांडीची ही वनस्पती अंगात सिलिका बाळगून असते, आणि पूर्वीचे कारागीर ती घासायला वापरत. म्हणजे गिबन्स घासत होता. घासणाऱ्या पक्षाने हा पुरावा शेवटचा मानला. काकांनी मात्र एवढेच विचारले, "घासत होता हे ठीक, पण घासण्याआधी त्याचा काप कसा असेल?" मी स्वतः या वादात कापाच्या बाजूचा आहे. माझा पॉलिश पेपर नेहमी चुका लपवायलाच बाहेर निघतो, हे मला माहीत आहे.

घासण्याचा विषय निघालाच आहे तर : लाकडाची धूळ निरुपद्रवी नसते. जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोगविषयक संस्था तिला माणसात कर्करोग निर्माण करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात धरते, म्हणून घासताना आम्ही मुखपट्टी लावतो. जवसाच्या तेलाचा बोळा चुरगाळून कोपऱ्यात टाकायचा नाही, हाही नियम कडक आहे. ते तेल वाळताना हवेतला प्राणवायू घेते आणि तापते; चुरगाळलेल्या कापडात ती उष्णता कोंडली की बोळा आपोआप पेट घेऊ शकतो. आमच्याकडे बोळे दोरीवर पसरून वाळतात, धुतलेल्या हातरुमालांसारखे.

आता ठोकळा.

कल्पना बँकेतल्या बाईंची होती. आठ सेंटिमीटर रुंद, तेवढाच जाड आणि पंचवीस सेंटिमीटर उंच असा लिंडनचा एक ठोकळा घ्यायचा. आठ जणांनी तो पाळीपाळीने दोन-दोन आठवडे घरी न्यायचा आणि त्यात आपल्याला वाटेल ते कोरायचे. नियम तीन : पुढच्याला काहीही समजावून सांगायचे नाही, आधी चित्र काढून ठरवायचे नाही, आणि गोंद वापरायचा नाही. तिसरा नियम साखळीवाल्यांनी घातला. मातीच्या मूर्तीत जे काढले ते पुन्हा लावता येते, लाकडात नाही; म्हणून जे गेले ते गेले, असे त्यांचे म्हणणे.

पहिली पाळी काकांची. त्यांनी दोन आठवड्यांत वरचे दोन समोरासमोरचे कोपरे तिरके उतरवले आणि ठोकळा पुढे दिला. आम्ही हसलो. ताईंनी एका बाजूने चमच्याच्या पाठीसारखा एक मोठा बाक काढला, तो वरून खाली येऊन मध्येच संपत होता. घोडेवाल्या मुलाने त्या बाकाच्या पोटाशी एक खोल खळगा केला. चौथा मी.

माझ्या डोक्यात म्हातारा होता. काकांचे म्हातारे मी दोन वर्षे पाहत होतो, आणि आपल्यालाही तो जमावा ही इच्छा माझ्या मनात ठाण मांडून बसलेली होती. दोन कोपरे उतरल्यामुळे मध्ये जी कड उभी राहिली होती, ती मला नाकासाठीच ठेवल्यासारखी वाटली. बारा संध्याकाळी मी त्या नाकावर काढल्या. नाकपुड्यांच्या मागचा खोलगट भाग ९ नंबरच्या गोलपटाशीने घेतला, नाकाच्या दोन्ही कुशी ५ नंबरने उतरवल्या, डोळ्यांच्या खोबणी केल्या, वरच्या पापणीची कड व्ही पटाशीने एका दमात ओढली. प्रकाश बाजूने आला की नाकाची सावली ओठाच्या जागेवर पडत असे, ओठ अजून व्हायचा असूनही. इतके चांगले नाक मी त्याआधी केले नव्हते. त्यानंतरही केलेले नाही.

माझ्यानंतर बँकेतल्या बाई. दोन आठवड्यांनी ठोकळा आला तेव्हा नाक नव्हते. अर्धेमुर्धे उतरवलेले नाही, साफ गेलेले. त्या जागी एक शांत, किंचित फुगीर उतार होता आणि तो वरच्या टोकाकडून ताईंच्या बाकात मिळून जात होता. मी काही बोललो नाही, नियमच तसा होता. पण त्या रविवारी मी माझ्या बाकावर उगाचच जोरजोरात मोगरी मारत होतो असे मला नंतर सांगण्यात आले. सभा संपता संपता त्या माझ्याजवळ आल्या आणि नियम मोडून म्हणाल्या, "नाक चांगले होते. पण ते दुसऱ्याच कुणाचे तरी होते."

ते वाक्य मला आवडले नाही. घरी गेल्यावर मात्र मी ठोकळ्याचे फोनवर काढलेले फोटो क्रमाने लावून पाहिले. काकांनी उतरवलेले कोपरे वरून पाहिले तर किंचित असमान होते. म्हणजे वरचा भाग आपल्या समोर नव्हता, डावीकडे वळलेला होता. ताईंचा बाक त्या वळण्याची पाठ होती. मुलाचा खळगा म्हणजे पोटाशी घेतलेल्या गुडघ्यांची सावली होती. तीन माणसांनी एकमेकांशी न बोलता अंग चोरून बसलेले, मान वळवलेले कुणीतरी सुरू केले होते, आणि मी त्याच्या छातीच्या जागी समोर पाहणारा म्हातारा कोरला होता. मी ठोकळा कोरा समजून सुरुवात केली होती. दोन आठवडे तो रोज माझ्या हातात होता, आणि नाकापलीकडे मला काही दिसले नव्हते.

त्या रात्री मला जपानमधल्या नारा इथल्या तोदाइजी मंदिराच्या द्वारपालांची आठवण झाली. सुमारे साडेआठ मीटर उंचीचे ते दोन लाकडी पुतळे उन्केई, काइकेई आणि त्यांच्या हाताखालच्या कारागिरांनी १२०३ मध्ये अवघ्या ६९ दिवसांत उभे केले, ते अनेक तुकडे स्वतंत्र कोरून मग एकमेकांत बसवण्याच्या पद्धतीने. विसाव्या शतकाच्या अखेरीस दुरुस्तीसाठी पुतळे उतरवले, तेव्हा जोडणी झाल्यानंतर केलेल्या बदलांच्या खुणा त्यांत दिसल्या. मंदिरात येणारा माणूस पायथ्याशी उभा राहून वर पाहतो. जमिनीवर आडव्या ठेवलेल्या तुकड्यात जे बरोबर दिसते ते तिथून बरोबर दिसेलच असे नाही. त्या खुणा आठवल्या की मला नेहमी वाटते, पुतळा उभा राहिल्यावर कुणीतरी लांब जाऊन उभे राहिले असणार आणि तिथून ओरडून सांगितले असणार. हात ज्याचा लाकडावर असतो तो फार जवळ असतो. आमच्या त्या मुक्या खोलीत माणसे दर अर्ध्या तासाने उठून दुसऱ्याच्या बाकामागे का उभी राहतात, आणि ज्याच्या मागे उभी राहिली तो काम थांबवून ठोकळा लांब का धरतो, हे मी दोन वर्षे पाहत होतो. मला वाटे, पाय मोकळे करत असतील.

सहाव्या आणि सातव्या पाळीत आकृतीला चेहरा आला, नाकासकट, पण डावीकडे वळलेला आणि बराचसा खांद्याआड गेलेला. केसांचा अंबाडा आला. समोर दिसणारा एकच कान आला, आणि तो फार सुरेख होता, डोक्यापासून सुटा, मागून प्रकाश धरला तर पाळीतून पिवळसर दिसणारा. तंतू मात्र त्या कानात आडवे आणि आखूड होते. उभ्या ठोकळ्यातून बाहेर आलेल्या पातळ आडव्या भागाचे असेच होते. माझ्या खंड्याची चोच याच कारणाने गेली होती.

आठवी पाळी मंडळात सगळ्यात नव्या आलेल्या मुलीची होती. तिला फारसे काही करायचे उरलेच नव्हते. तिने पायथ्याचा खडबडीत भाग नीट केला, पदराच्या चार चुण्या घेतल्या, आणि ठोकळा बाकावर उलटा धरून तळ साफ करताना कान तुटला.

गेल्या रविवारी ती सगळ्यांच्या आधी येऊन बसली होती. आम्ही आलो तेव्हा तिच्यासमोर आकृती होती आणि शेजारी आगपेटीच्या रिकाम्या डबीत कापसावर ठेवलेला कान. तिला बोलवेना. काकांनी कान उचलला, तुटलेली बाजू उजेडात पाहिली आणि म्हणाले, की तंतू स्वच्छ तुटले आहेत, एकही गेलेला नाही, गोंदाने असा बसेल की सांधा शोधावा लागेल. साखळीवाले म्हणाले, नियम म्हणजे नियम, जे गेले ते गेले. कान उतरवा आणि तिथे केस घ्या. ताई म्हणाल्या, की कोरताना गोंद चालणार नाही असे ठरले होते, मोडल्यावरचे काही ठरलेले नव्हते. बँकेतल्या बाईंनी माझ्याकडे पाहिले. मी इतकेच विचारले, की ही आकृती ऐकण्यासाठीच तर मान वळवून बसलेली नाही ना? यावर खोलीत मंडळाच्या इतिहासात झाला नसेल इतका आवाज झाला. तीन तासांत कुणीही हत्याराला हात लावला नाही. त्या मुलीने मधल्या वेळात चामड्याची पट्टी पुढ्यात ओढली आणि वाद ऐकत ऐकत आपली सुरी घोटत राहिली.

आगपेटी सध्या फळीवर आहे, माझ्या फुटक्या चेहऱ्याच्या शेजारी. पुढच्या रविवारी पुन्हा बसायचे ठरले आहे.